बाबांच्या पायाचं माप

भद्रावती, रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. बाबा आणि आई, सा. न.

फोनवर हे बोलणं जमत नाही म्हणून लिहून राहिली. बाबा, तुमच्याच मोबाइलवर पाठवते, दादूला वाचायला देऊ नका, चष्मा लावा आणि स्वतः वाचा, दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं त्याने तुम्हाला शिकवलंय. आई तू बाजूला बस पण मधे मधे बोलू नको. आणि एक आधीच सांगते, आईवर रागावायचं नाही. ती बिचारी काही बोलत नव्हती, मीच खोदून खोदून विचारलं.

गोष्ट पायाची आहे. मे महिन्यात पऱ्हाटीचं खुंट तुमच्या पायात घुसलं आणि तुम्हाला कळलंच नाही, संध्याकाळी आई पाय धुवायला पाणी घेऊन आली तेव्हा चपलेत रक्त दिसलं. मग पंधरा दिवस हळद आणि चिंधी. शुगरवाल्याने असं करू नये हे मी कितीदा सांगितलं, पण जाऊ द्या, आता ते उगाळून काय होणार, अंगठा तर गेला. मला लागलं ते पुढचं. दिवाळीला आली तेव्हा तुम्ही ओसरीवर नव्हते, आतल्या खोलीत पायावर दुपट्टा टाकून बसले होते, पाहुणे आले तर आईने सांगायचं की झोपले आहेत. आठवडी बाजार बंद, पारावर जाणं बंद. मी विचारलं काहून, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लोकाईले वाटन मले तो रोग झाला."

तो रोग. नाव पण नाही घेतलं तुम्ही. मी ते आईला चुलीपाशी सांगितलं आणि ती भाकर टाकता टाकता थांबली आणि तेव्हा मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं की मला एक आत्या होती.

बाबा, थांबू नका, वाचा.

आईला तरी काय माहीत, ती लग्न होऊन आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं. आजी जायच्या आधी शेवटच्या आजारपणात तिला बोलली तेवढंच. की १९६० साली तुमच्या मोठ्या बहिणीच्या पाठीवर चट्टे आले, सोळा-सतरा वर्षांची, लग्न ठरलेलं, पोळ्यानंतर सोयरे बोलणी मोडून गेले आणि दिवाळीच्या आत आबाजींनी बंडी जुंपली आणि वर्धा नदी ओलांडून तिला वरोऱ्याला आनंदवनात नेऊन ठेवलं. आणि बंडीत मागे तुम्ही होते, नऊ वर्षांचे, कारण ती रडत होती आणि तुम्ही सोबत असले की गप्प बसायची. येताना बंडीत तुम्ही आणि आबाजी दोघंच. त्यानंतर घरात कोणी तिचं नाव घेतलं नाही.

आता माझं ऐका. डिसेंबरमध्ये आमच्या शाळेची सहल तिथेच गेली. मी सातवीच्या पोरांना सांगायचं म्हणून वाचून गेली होती, तर या पत्रात दोन बाबा येतील, एक तुम्ही आणि एक बाबा आमटे, गोंधळ करू नका. आपल्याला वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे कारण घरापासून तासाभरावर आहे, पण काही माहीत नसतं. मला तरी नव्हतं. मला वाटायचं मोठा आश्रम, मोठे लोक, पुरस्कार, टीव्हीवाले.

ते जन्मले हिंगणघाटचे, १९१४ सालचे, गोरज्याच्या मालगुजाराच्या घरचे. वकील झाले, वरोऱ्याला नगरपालिकेत उपाध्यक्ष होते आणि तेव्हा मैला डोक्यावरून वाहून न्यायचे लोक, तर हे स्वतः त्या लोकांसोबत टोपली उचलायला लागले. अशाच एका पावसाच्या रात्री रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला, तुळशीराम नाव, हातापायाची बोटं गेलेली, जखमांत किडे. आणि बाबा आमटे तिथून पळाले. हे मी पोरांना दोनदा सांगितलं, पळाले. पैलवान गडी, शिकारी, कशाला न भिणारा, तो पळाला. घरी जाऊन झोप येईना, मग परत आले, त्याला आडोसा करून दिला, तो मरेपर्यंत त्याचं केलं. मला या सगळ्या गोष्टीत ते पळणंच जवळचं वाटतं बाबा, कारण पळालेला माणूस परत आला.

मग कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, आणि १९५१च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू. हाताशी काय तर चौदा रुपये, सहा पेशंट, एक लंगडी गाय, एक कुत्रं आणि पन्नास एकर असा खडक की त्यावर आपल्याकडचा कोणी बैल नेणार नाही. साधनाताई दोन लहान लेकरं घेऊन त्या रानात राहिल्या, साप-विंचू सगळं, त्यांचं नाव नेहमी मागून घेतात लोक, मला ते पटत नाही. विहीर खोदली ती पेशंटांनी, ज्यांच्या हाताला बोटं नाहीत त्यांनी. भाजी पिकवली तर वरोऱ्यात कोणी घेईना, महारोग्यांच्या हातची म्हणून. मग परदेशातली तरुण पोरंपोरी श्रमदानाला आली, दवाखान्याच्या इमारती बांधल्या आणि तीच भाजी रोज जेवली, गावाने पाहिलं की हे गोरे खातात आणि यांना काही होत नाही, तेव्हा कुठे भाजी आणि दूध विकायला लागलं. आपल्या लोकांचं असंच असतं, शेजाऱ्याचं ऐकणार नाही, साहेबाचं ऐकतील.

तसं विदर्भात हे काम त्यांच्याही आधीपासून आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून होते, बाबा आमटे शिकायला आधी तिथेच गेले. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्रींना ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांचं अंग चोळलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन. इतकी माणसं इथे याच कामाला का लागली, तर रोगच इथे तेवढा होता. आजही चंद्रपूर-गडचिरोलीकडे सर्वेक्षणात नवे पेशंट निघतात, फक्त आता सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की संपलं, आणि पहिल्या डोसनंतर लवकरच तो दुसऱ्याला लागायचा थांबतो. आत्याच्या वेळी एकच डीडीएसची गोळी होती, ती वर्षानुवर्षं खायची. तीन औषधं एकत्र द्यायला लागले ते १९८० नंतर. वीस वर्षं उशीर झाला तिला, बस.

सहलीत हातमागाच्या शेडमध्ये एक मावशी होती, सत्तरीची असेल. धागा तुटला की मधेच थांबून जोडायची. उजव्या हाताला अंगठ्याचं नुसतं खुंट, बाकी बोटं पहिल्या पेराच्या आत, तर ती धाग्याचं एक टोक दातात धरी, दुसरं त्या खुंटाखाली दाबी आणि मनगट असं फिरवी की गाठ पडलीच. मी तीनदा पाहिलं तरी मला कळलं नाही गाठ कधी पडली. आमच्या वर्गातली एक चुरचुरीत पोरगी आहे, तिने विचारलंच, आजी तुम्हाला दुखत नाही का? मी डोळे वटारले. ती मावशी हसली आणि म्हणाली, "दुखलं असतं तर बोटं राहिली असती ना बाळा."

बाबा मी तिथेच उभी राहिली. कारण मला तुमची चप्पल आठवली रक्ताची.

मग तिथल्या एकाने नीट समजावून सांगितलं. लोक म्हणतात बोटं झडतात, तसं काही नसतं. तो जंतू नसा खराब करतो, नस गेली की त्या जागेला कळत नाही, गरम तवा कळत नाही, काटा कळत नाही, रात्री उंदीर कुरतडून गेला तरी कळत नाही, मग जखम चिघळते, हाड सडतं, बोट जातं. शुगरमध्ये तुमच्या पायाचं हेच झालं. कारण वेगळं पण पायाची गत तीच. म्हणजे तुम्हाला ज्याची लाज वाटते की लोकांना सारखं दिसेल, ते खरंच सारखं आहे, आणि तिथल्या लोकांना त्याचं काय करायचं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. रोज संध्याकाळी पाय पाण्याने धुवायचा, पुसायचा, तेल लावायचं पण बोटांच्या मधे नाही, आणि तळपाय आरशात पाहायचा. दुखण्याची वाट पाहायची नाही, डोळ्यांनी पाहायचं. आई, न्हाणीतला छोटा आरसा त्यासाठी काढून ठेव.

मला जानेवारीत राहवलं नाही, एका रविवारी मी एकटीच परत गेली, यांना सुद्धा सांगितलं नाही. म्हाताऱ्या बायका उन्हाला बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसली. तिथे कुष्ठरोगीच राहतात असंही नाही आता, १९६६ मध्ये अंध मुलांची शाळा निघाली, मग मूकबधिर मुलांची, अपंगांसाठी काम शिकायची सोय, टाकलेली लेकरं, म्हातारी माणसं, एक अख्खं गाव आहे. आजींना विचारलं की १९६० साली वणीकडून आलेली कोणी पोरगी आठवते का. एक म्हणाली, तेव्हा कोणी खरं गाव सांगतच नसे बाई, घरी लहान बहिणी असत, त्यांची लग्नं अडतील म्हणून. नावं पण बदलून घेत. मग तिने मला विचारलं, तिचं नाव काय होतं?

आणि मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नाही, आजी नुसतं बाई म्हणायची तिला. मी त्या आजीसमोर माझ्या सख्ख्या आत्याचं नाव न सांगता बसून राहिली. तिने मला बोरं दिली खायला. ऑफिसात मी चौकशी केली नाही. ती आधी तुम्ही करायची, मग मी.

एक विचारू, चिडू नका. १९६४ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवनात कॉलेज काढलं, आनंदनिकेतन. ज्यांच्या हातची भाजी लोक खात नव्हते त्यांच्या आवारात आजूबाजूच्या गावांची पोरं शिकायला जायला लागली, गंमतच आहे. आणि तुम्ही तिथलेच बीए. १९६९ ते ७२, तीन वर्षं. बाबा, तुम्ही तिला तिथे पाहिलं का कधी? दुरून तरी? आईला वाटतं तुम्ही भेटायचे आणि आबाजींच्या धाकाने बोलले नाहीत. मला वाटतं तुम्ही तो रस्ताच टाळला. मी वाईट मानणार नाही, कोणतंही खरं असो. विशीतलं पोरगं होतं ते, घरात कोणी नाव घेऊ देत नव्हतं.

बाबा आमटे फेब्रुवारी २००८ मध्ये गेले, त्यांनी सांगून ठेवलं होतं की जाळू नका, पुरा, तिथल्याच मातीत. २०११ मध्ये साधनाताई गेल्या. मी तिथे पण जाऊन आली. खूप झाडं आहेत. पन्नास एकर खडकावर एवढी झाडं कशी आली हे कोणी न सांगता कळतं. आत्या असेल तर ऐंशीच्या वर असेल, नसेल तर तिथेच कुठेतरी असेल.

महारोग्यांना पकडून कोंडून ठेवायचा इंग्रजांचा कायदा होता १८९८ चा, तो २०१६ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत कागदावर होता म्हणे. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग होता तो २०१९ मध्ये काढला. सरकारला एवढा वेळ लागतो तर आपल्या घराला लागला यात काय नवल. अपंगाच्या सर्टिफिकेटचं मी तुम्हाला म्हणत नाही, त्याला चाळीस टक्के लागतात, एका अंगठ्याने तेवढे भरणार नाहीत आणि तुम्ही ते घेणारही नाही, मला माहीत आहे.

माझं काम एवढंच आहे. बिनजाणिवेच्या पायासाठी वेगळी चप्पल असते, एमसीआर म्हणतात, आतून मऊ रबर, एकही खिळा नाही आणि टाचेला मागून पट्टा, म्हणजे चालताना निसटत नाही. मी बनवून घेते. आई, संध्याकाळी माप घे, सकाळी नको, संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो. जमिनीवर जुना पेपर अंथर, बाबांना उभं कर, बसून नाही, उभं, आणि पेन सरळ धरून दोन्ही पायांच्या भोवतीने रेघ काढ. जिथे अंगठा नाही तिथे पण आहे तशीच रेघ काढ, अंदाजाने अंगठा काढू नको. पेपरची घडी करून भाऊ बुधवारी वणीला येतो त्याच्याजवळ दे.

बाबा, त्याच पेपरच्या कोपऱ्यात तुमच्या अक्षरात तिचं नाव लिहा. आणि तिच्या अंगावर कुठे गोंदण होतं का, ते आठवत असेल तर तेही. होळीनंतर उन्हं वाढायच्या आधी आपण गाडी करून जाऊ, तुम्ही मागे बसा, मी सोबत असते.

तुरीची दाळ पाठवू नका एवढ्यात, मागचीच अर्धा डबा आहे. सकाळची शुगर मोजून मला मेसेज करा, अंदाजाने आकडा सांगायचा नाही.

तुमची
बेबी