शैले, कांदा सडला आणि मी गाणं म्हणत होते

प्रिय शैला,

जय ख्रिस्त. तुझे जुलैपासूनचे चार मेसेज तसेच पडलेत. निळ्या खुणा दिसल्या असतीलच, म्हणजे मी वाचलेत हे तुला कळलंय, तेव्हा बहाणा करत नाही. एकच गोष्ट लिहायची होती आणि तीच लिहवत नव्हती. बाकी तब्येती ठीक, माझी शुगर आहे तिथंच आहे, आत्याबाईंचा गुडघा चालूच.

कांदा गेला गं. साठवणीच्या चाळीत दीडशे गोण्या होत्या. एप्रिलमध्ये काढला तेव्हा घोडेगावला भाव पडलेला, हे म्हणाले थांबू, मीही हो म्हटलं, आणि मग पाऊस काही थांबेचना. चाळीजवळ गेलं की वासानं डोळे चुरचुरायचे. सोयाबीनला शेंगेतच मोड आले, कर्ज तसंच डोक्यावर. पण हे घरोघरी झालंय, मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

हे बोलेनासे झालेत. सकाळी उठून चाळीपाशी जाऊन बसतात, हाक मारली की येतात, ताटातलं संपवतात, मीठ बरोबर आहे का विचारलं तर नुसतं हं. रविवारी देवळात येत नाहीत. पेटीवर फडकं टाकलंय ते काढलेलं नाही. तूच म्हणाली होतीस ना, ह्याच्याशी कर, निदान घरात सूर तरी राहील! मी फवारणीची औषधं गुपचूप धाकट्या भाऊजींकडे नेऊन ठेवली, पिशवीत वर मेथीची जुडी टाकून. कशासाठी ते तुला सांगायला नको.

आणि ह्या सगळ्यात मी गात होते, शैले. सडका कांदा फावड्यानं ट्रॉलीत भरताना आपलं हॉस्टेलमधलं सकाळचं गीत तोंडात आलं, मी मोठ्यानं म्हणत गेले. मला बरं वाटत नव्हतं, रात्रभर झोप नव्हती. पण त्या दिवशी उठतानाच मी ठरवलं होतं की आज कुरकुरायचं नाही, आज प्रभूचं नाव आनंदानंच घ्यायचं, पुढचं त्याचं तो बघेल. ह्यांनी फावडं खाली टाकलं आणि म्हणाले, तुला कळतंय का काय चाललंय? आणि निघून गेले. तेव्हापासून हेच डोक्यात. मी आनंद धरून बसले तर ह्यांना एकटं टाकल्यासारखं होतंय का? बुडणाऱ्याला काठावरून गाणं ऐकवण्यासारखं?

तुला सांगते, त्याच आठवड्यात देवळात एका बाईंनी माझा हात दाबून म्हटलं, बहिणी, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. वचन तेच, रोजचं, पण असं टोचलं की मला हात सोडवून घ्यावासा वाटला. आणि एकदम तू आठवलीस. अण्णा गेल्यावर मी तुला तेच वचन लिहून कार्ड पाठवलं होतं, वर गुलाबाचं चित्र. तू ते परत पाकिटात घालून पाठवलंस आणि दोन वर्षं बोलली नाहीस. सुनंदाच्या लग्नात तू माझ्या ताटातली जिलबी उचललीस तेव्हा मिटलं, पण मी माफी कधी मागितलीच नाही. मनात धरून होते की वचन खरं तर राग कशाचा. आता मागते. वचन खरंच होतं, पण तू रडत असताना मी ते लांबून फेकलं, शेजारी येऊन बसले नाही.

त्या रात्री ते वचन ज्यात आहे ते बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा सगळं वाचलं. चार अध्याय तर आहेत. पौल तुरुंगात आहे, सुटका की मरण ते माहीत नाही, आणि म्हणतो पुन्हा म्हणेन, आनंद करा. हे आपल्याला पाठ. पण त्याच पत्रात त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला म्हणून माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही असं लिहितो, आणि तिसऱ्या अध्यायात तर रडत सांगतो म्हणतो. आनंद करा म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यात पाणी आहे! इतकी वर्षं मी ते ओलांडूनच जात होते.

आपली केडगावची ट्रिप आठवते? दौंडकडचं मुक्ती मिशन. तू बाईंना विचारलंस, पंडिता रमाबाई कधी रडल्या नसतील का, आणि सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. दुष्काळात आईवडील गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, आणि 1921 मध्ये मुलगी मनोरमा. त्यानंतर वर्षाच्या आत त्याही गेल्या. मराठी बायबलचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं, ते 1924 ला छापून निघालं. तुझा प्रश्न बरोबर होता गं. रडल्याच असतील, आणि डोळे पुसून पुढच्या ओळीला बसल्या असतील.

मग दुसऱ्या दिवशी मी गायले नाही. चाळीत जाऊन ह्यांच्या शेजारी बसले, वाचलेला कांदा निवडायला लागले. बऱ्याच वेळाने रडू आलं, रडले. ह्यांनी पाठीवर हात ठेवला, कांद्याच्याच हाताने. नंतर हळूच तेच गीत म्हटलं, तर उठून गेले नाहीत.

हंगामाच्या उपासनेला मात्र एकटीच गेले. आभाराला न्यायला शेतातलं काही नव्हतं, कोंबडीची पाच अंडी नेली. पाळकांनी हबक्कूक संदेष्ट्याचं वचन घेतलं, अंजीर फुललं नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी उल्लास करीन. सगळं देऊळ गप्प, कारण सगळ्यांचंच शेत गेलेलं. मग लिलाव. अंडं घ्यायचं, परत अर्पण करायचं, पुन्हा बोली, असं करत पाच अंडी 640 रुपयांवर गेली आणि लोक इतके हसले की लहान पोरं बाकावर चढली. घरी येऊन सांगितलं. हे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, कांद्यापेक्षा कोंबडी लावायला पाहिजे होती. आणि हसले, शैले! दोनच सेकंद. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

तुझी बदली झाली का? अनुजाला म्हणावं, आत्या तिच्यासाठी रोज प्रार्थना करते, परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस. कंबरेचा पट्टा लावतेस ना? नाताळला ये, करंज्या आपण दोघींनीच करायच्या. नुसतं येते म्हणू नकोस, तिकीट काढ.

तुझीच,
रूथ

ता. क. औषधं अजून भाऊजींकडेच आहेत. काल पेटीवरचं फडकं खाली पडलेलं होतं. मी उचललं नाही.