एसीत दरवर्षी गॅस भरायची वेळ येतेच कशी?

संपादक महोदय,

मार्च लागला की आमच्या भागात एसी सर्व्हिसिंगवाल्यांची ये-जा सुरू होते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, गॅस कमी झालाय, भरावा लागेल. लोक पैसे देतात, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. यात नुसते पैसे जात नाहीत, हळूहळू कंप्रेसरही, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा एसीचा पंपही जातो, म्हणून हे पत्र.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, वर्षानुवर्षं तेवढाच. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि बरेचदा ते शोधणं अवघडही नसतं, आउटडोअर युनिटला कॉपरचे पाइप जोडलेले असतात तिथल्या नटपाशी तेलकट डाग दिसतो, त्यावर धूळ बसून काळं झालेलं असतं, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. ते तेल कंप्रेसरचं वंगण आहे हो! शिवाय फिरणारा गॅसच कंप्रेसरच्या मोटारीची उष्णता वाहून नेतो, त्यामुळे गॅस कमी असताना एसी रेटत राहिलं की मोटार तापत जाते आणि शेवटी जळते.

म्हणून आधी लीक बंद करायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा काढायचा आणि युनिटच्या प्लेटवर लिहिलेला असतो तेवढाच गॅस वजन करून भरायचा. घाईत व्हॅक्यूम टाळतात ते फार वाईट, ओलावा तेलात मिसळून आम्ल होतं आणि ते मोटारीच्या वाइंडिंगचं, म्हणजे गुंडाळलेल्या तारांचं इन्सुलेशन खातं. हल्लीच्या एसीत बहुतेक आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेटू शकतो, त्यामुळे तो बाल्कनीत असाच सोडून द्यायलाही कुणाला देऊ नये. आणि लीक कुठे सापडलं ते बिलावर लिहून मागा, कामात लगेच फरक पडतो.

बाकी फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा, लाइट गेली आली तर तीनेक मिनिटं थांबून एसी लावावा, हे बहुतेकांना माहीत आहे. पण आउटडोअर युनिटकडे कुणी बघतच नाही. नवीन इमारतींमध्ये दर्शनी भाग छान दिसावा म्हणून युनिट जाळीआड किंवा अरुंद डक्टमध्ये कोंबतात, तिथे एकावर एक सहा-सात मजल्यांची युनिटं, खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, प्रेशर वाढतं, कंप्रेसरवर ताण येतो आणि वर बिलही वाढतं. साफ करायला माणूस उभा राहील एवढीसुद्धा जागा नसते, मग किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत कॉइल गंजली तरी कळत नाही. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी पार्किंग आणि कार्पेट एरियासाठी भांडताना नकाशात एसीच्या युनिटसाठी मोकळा, हात पोचेल असा कट्टाही करारावर सह्या करण्याआधीच मागून घ्यावा.

– एक वाचक, डोंबिवली