सहा सत्रे, एकच भाषा: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीचा आराखडा नव्याने आखताना आधी तासांचा हिशेब मांडावा. दर सत्राला नवी भाषा ठेवली आणि आठवड्याला 4 तास व 15 आठवड्यांचे सत्र धरले, तर एका भाषेच्या वाट्याला 60 तास येतात. एवढ्यात विद्यार्थी स्वतःची ओळख करून देतो, फार तर बाजारहाट करतो. पुढच्या सत्रात भाषा बदलली की तेही विसरतो. अमेरिकी राजनयिकांना शिकवणारी फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट अरबी, चिनी, जपानी वा कोरियनमध्ये कामापुरते प्रावीण्य येण्यासाठी इंग्रजी भाषकाला 88 आठवडे, म्हणजे सुमारे 2200 तास लागतात असे धरते. फ्रेंच-स्पॅनिशला याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून सहाही सत्रे एकच भाषा ठेवा. 360 तासांत फ्रेंच बातमी शब्दकोश हाताशी घेऊन वाचता येते. जपानी येत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच सांगून टाकावे.

‘परदेशी संस्कृती’ या विषयाची गतही तशीच. पोशाख, सण, खाणेपिणे यांत सत्र संपते आणि हाती उरते ते प्रदर्शन. त्याऐवजी एकच प्रदेश घ्यावा: तिथली न्यायव्यवस्था, शालेय इतिहासाची पुस्तके, वृत्तपत्रे. सुएझ कालव्यावरून 1956 साली उद्भवलेला पेच इजिप्त, ब्रिटन आणि इस्रायल आपापल्या मुलांना कसा शिकवतात, हे शेजारी शेजारी ठेवून वाचले की तुलना आपोआप सुरू होते.

परीक्षेचे तर विचारूच नका. युरोपातले तीस वर्षांचे युद्ध संपवणारा 1648 चा वेस्टफालिया तह पाठ असतो. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना करारातली 53 कलमे मात्र कोणी उघडलेली नसतात. प्रश्न असा हवा: दूतावासाला आग लागली, राजदूतांशी संपर्क होत नाही, अग्निशमन दल आत शिरू शकते का? कलम 22 नुसार दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय नाही, आगीचा अपवादही तिथे नाही. वाणिज्य दूतावासाबाबत मात्र वाणिज्य दूतावासांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारातले कलम 31 तातडीच्या वेळी संमती गृहीत धरू देते. दोन्ही करार सोबत देऊनच हा पेपर घ्यावा. घोकंपट्टीवाला तिथे अडतो.

सुरक्षा परिषदेची नक्कल अनेक महाविद्यालयांत होते, पण गुण वक्तृत्वाला मिळतात. ते ठरावाच्या मसुद्याला द्यावेत, आणि 15 पैकी 9 मते जमवताना पाचांपैकी एकाही कायम सदस्याचा नकाराधिकार ओढवणार नाही याची तजवीज करणाऱ्या गटाला.

यासाठी नवी इमारत लागत नाही. पूर्णवेळ भाषाशिक्षकांची पदे लागतात. तासिका तत्त्वावरचा शिक्षक सहा सत्रे टिकत नाही. पदमंजुरी आधी द्यावी, अभ्यासक्रमाची घोषणा त्यानंतर.

आपले,
आंतरराष्ट्रीय संबंध विषयाचे अध्यापक