पैसे देतो म्हणतोय तरी मशीन उघडत का नाही?

कस्टमर सर्व्हिसवाल्यांना नमस्कार,

ही माझी चौथी मेल आहे. आधीच्या तिन्ही मेलना तेच उत्तर आलं, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आणि खाली सर्व्हिस सेंटरचा तोच नंबर, जिथून मला तुमच्याकडे पाठवलं होतं. म्हणून यावेळी सगळं पहिल्यापासून लिहितो, लांबलं तर लांबलं, निदान कुणीतरी माणूस पूर्ण वाचेल एवढीच अपेक्षा.

मी फर्निचर बनवतो. हौस म्हणून सुरू केलं आणि आता त्यावरच घर चालतं, त्यामुळे हलकं मशीन घेऊन दर वर्षी बदलत बसण्यापेक्षा एकदाच चांगलं घ्यावं असा विचार केला. तुमची ती रेलवर चालणारी प्लंज सॉ, म्हणजे पट्टीवरून सरकवत शीट सरळ कापायची विजेची करवत, १२०० वॉटची. इथल्या डीलरकडचा भाव ऐकला आणि गप्प घरी आलो. रात्री नेटवर बघितलं तर तेच मशीन, तोच रंग, तोच बॉक्स, तुमच्याच परदेशातल्या ऑफिशियल स्टोअरवर इथल्या किमतीच्या साधारण ६० टक्क्यांत. आणि पानावर ठळक अक्षरात ‘जगभर डिलिव्हरी’ आणि त्याखाली ‘३ वर्षं वॉरंटी’. आता मला सांगा, माझ्या जागी कुणीही काय केलं असतं?

तुमच्या माणसाने मला फोनवर ‘ग्रे मार्केटचा माल’ (म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला) असं सुनावलं म्हणून हे मुद्दाम लिहितोय. कुठल्या एजंटकडून घेतलं नाही, कुणाच्या बॅगेतून आणलं नाही. तुमच्या वेबसाईटवर, तुमच्याच कार्टमध्ये टाकून, माझा इथला पत्ता स्पष्ट लिहून घेतलंय. तुमच्या सिस्टमने तो पत्ता घेतला, पैसे कापले आणि कुरिअर पाठवलं. मग हा माल ग्रे नेमका झाला कुठे, कस्टममध्ये?

हो, माझंही चुकलं, ते लपवत नाही. मशीन १२० व्होल्टचं आहे आणि आमच्याकडे २३० येतात हे मला माहीत होतं. डायरेक्ट लावलं तर काय होतं तेही माहीत होतं, व्होल्टेज दुप्पट झालं की करंट दुप्पट आणि पॉवर चौपटीच्या घरात, म्हणजे दोन सेकंदात धूर. म्हणून आधी व्होल्टेज उतरवणारा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला, तोही काटेकोर १२०० चा नाही, सुरू होताना मोटर कितीतरी जास्त करंट ओढते म्हणून ३००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा. मशीन हातात उचलून फिरता येतं, ट्रान्सफॉर्मर हलवायचा म्हणजे कंबर सांभाळून. एकाच जागी काम असेल तर ठीक, पण कुणाच्या घरी वॉर्डरोब बसवायला जायचं तर हे धूड बरोबर, ही गोष्ट कुठलाच सेल्समन सांगत नाही.

बचतीचा हिशोब पण सांगून टाकतो, कारण तुमच्या इथल्या मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं की मी ‘एवढे पैसे वाचवलेत तर थोडी रिस्क तर घ्यावीच लागेल’. इथली किंमत १०० धरा. मशीन ६०. कुरिअर आणि इन्शुरन्स ९. मग ड्युटी आणि टॅक्स, ते पण नुसत्या मशीनच्या किमतीवर नाही तर भाडं-इन्शुरन्स धरून ६९ वर लागतात, ते १७. कुरिअरवाल्याने कागद हलवायचे म्हणून घेतलेले २. ट्रान्सफॉर्मर ७. बेरीज ९५. म्हणजे सगळी उठाठेव करून मी वाचवले ५. या पाचासाठी मी वॉरंटी घालवली असं तुम्हाला वाटत असेल तर मलाही आता तसंच वाटतं, पण तो राग माझा माझ्यावर आहे, त्याच्यासाठी तुम्हाला पत्र लिहीत नाहीये.

मुद्दा पुढचा आहे. सात महिने मशीन लोण्यासारखं चाललं. मग एक दिवस सुरू होताना जो हळूच वेग घेतो तो प्रकार गेला, बटण दाबलं की झटका देऊन एकदम फुल. दोन दिवसांनी स्पीडचं डायल १ वर ठेवा नाहीतर ६ वर, मशीन एकाच स्पीडने पळायला लागलं. हाताखाली असं मशीन असणं किती धोक्याचं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यामुळे त्याच क्षणी बाजूला ठेवलं. मोटर मस्त आहे, बेअरिंगचा आवाज नाही, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) निम्मेसुद्धा झिजलेले नाहीत. मला थोडंफार कळतं त्यावरून आतला स्पीड कंट्रोलचा बोर्ड गेलाय, बहुतेक त्यातला ट्रायॅक, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग, शॉर्ट झालाय. एक बोर्ड. बाकी काही नाही.

सर्व्हिस सेंटरला नेलं तर काउंटरवरच्या मुलाने सिरीयल नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, ‘नो रेकॉर्ड’. वॉरंटी नाही म्हणाला. मी म्हटलं ठीक आहे, भांडत नाही, पैसे घ्या आणि दुरुस्त करा. तर म्हणे पैसे घेऊनही करता येणार नाही, नंबर सिस्टममध्ये नाही म्हणजे जॉब कार्ड बनत नाही, आणि जॉब कार्ड नाही तर मशीन उघडता येत नाही. मी विचारलं, उघडून फक्त सांगा तरी काय गेलंय. तेही नाही. चार स्क्रूचं काम. बिचाऱ्याला वाईट वाटत होतं, हळूच म्हणाला की बेसप्लेट, गार्ड, रेलचे अ‍ॅडजस्टर, ब्लेड बसतं तो २० मिमीचा दांडा (आर्बर), सगळं इथल्या मॉडेलसारखंच आहे, फरक फक्त मोटर आणि बोर्डाचा. त्याच्यावर प्लीज कारवाई करू नका, तुमच्या अख्ख्या कंपनीत माझ्याशी सरळ बोलला तो एकटाच.

मग तुमच्याकडून लेखी उत्तर आलं की ‘६० हर्ट्झसाठी बनवलेलं मशीन ५० हर्ट्झवर वापरल्यामुळे बिघाड’ (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, तिकडे ६०, आपल्याकडे ५०). हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण मशीन न उघडता निदान झालं होतं. अहो, ही ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर आहे, ही डीसीवर पण फिरते, तिला हर्ट्झशी घेणंदेणं नसतं. साधी इंडक्शन मोटर असती, मोठ्या टेबल सॉची किंवा कंप्रेसरची, तर तुमचं म्हणणं मानलं असतं, ६० ची मोटर ५० वर सावकाश फिरते आणि गरम होते. आणि कंट्रोलच्या बोर्डाचं म्हणाल तर तुमच्याच मशीनच्या नेमप्लेटवर ‘१२० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’ असं छापलंय. फोटो जोडलाय. तुम्हीच छापलेलं तुम्हीच वाचत नसाल तर मी काय करू.

इथे जमेना म्हणून मी तिकडच्या ऑफिसला लिहिलं, जिथून घेतलं तिथे. त्यांचं उत्तर छान गोड भाषेत. बोर्ड स्टॉकमध्ये आहे, पण स्पेअर पार्ट फक्त त्यांच्या देशातल्या पत्त्यावर पाठवतात, तुम्ही तुमच्या लोकल ऑफिसशी संपर्क करा. लोकल ऑफिस म्हणतं पार्ट नंबर आमची सिस्टम घेत नाही, तुम्ही खरेदीच्या देशातल्या ऑफिसशी संपर्क करा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. अख्खं मशीन जगभर पाठवता येतं, तळहाताएवढा बोर्ड पाठवता येत नाही?

वॉरंटी ‘खरेदी केलेल्या देशातच’ लागू आहे हे मला आता माहीत झालंय. कुठे लिहिलंय तेही सापडलं, पीडीएफच्या चौदाव्या पानावर. ‘जगभर डिलिव्हरी’ मात्र पहिल्याच पानावर. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी टाकली असती तर मी ऑर्डर केली नसती, आणि तुम्हालाही ते चांगलं माहीत आहे.

त्याच ऑर्डरमधल्या ड्रिलचं पण सांगतो, म्हणजे हा एकच अपघात नाही हे कळेल. ड्रिल, चार्जर आणि १८ व्होल्ट ५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन सुट्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. पैसे भरल्यावर चार दिवसांनी बॅटऱ्या कॅन्सल झाल्याची मेल. कारण मला पटलं, २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, कार्गो विमानातून न्यायच्या तरी ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही, आग लागली तर विझवणं अवघड असतं. नियम बरोबरच आहे. पण हा नियम तुमच्या वेबसाईटला ऑर्डर घेताना माहीत नव्हता का? आणि बॅटऱ्या जाणार नाहीत हे कळल्यावर चार्जर कशाला पाठवला, तोही नुसता १२० व्होल्टवर चालणारा? आता इथल्या बॅटरीसाठी इथलाच चार्जर घ्यावा लागला आणि तिकडचा खणात पडलाय.

तर आता मला काय पाहिजे ते. फुकट काही नको. तो बोर्ड माझ्या पैशाने मागवून द्या, जो काही भाडं-टॅक्स होईल तो मी भरतो, बसवायची मजुरी पण भरतो. तुमच्याकडे जॉब कार्ड बनतच नसेल तर बोर्ड नुसता विकत द्या, मी चांगल्या मिस्त्रीकडून बसवून घेईन. तेही जमत नसेल तर ‘आम्ही पैसे घेऊनही दुरुस्त करणार नाही’ असं लेटरहेडवर लिहून द्या, पुढे ग्राहक आयोगात तो कागद लागेल. आणि तुमच्या त्या स्टोअरवर, पत्ता दुसऱ्या देशाचा टाकला की पैसे कापायच्या आधी एक ओळ दाखवा, ‘तुमच्या देशात याची सर्व्हिस मिळणार नाही’. एक ओळ, बास.

मशीन बंद पडल्यापासून शीट मी हाताच्या करवतीने कापतोय आणि रंधा मारून कडा सरळ करतोय, त्यामुळे दिवसा फोन उचलला नाही तर मेल करा.

बिल, कस्टमची पावती, नेमप्लेटचा फोटो आणि तुमच्या दोन्ही ऑफिसांची एकमेकांकडे बोट दाखवणारी उत्तरं सोबत जोडली आहेत. सिरीयल नंबर फोटोत स्पष्ट दिसतो. तो तुमच्या सिस्टममध्ये नसेल तर ज्या फॅक्टरीने तो मशीनवर कोरलाय तिला फोन करून विचारा, ती पण तुमचीच आहे.

तुमचा (अजून तरी) ग्राहक