धारणीतील आशाताईंच्या उजळणी वर्गासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मेळघाटात बाळ दवाखान्यात जन्मलं तरी थोड्याच दिवसांत आईबरोबर गावी परततं. मग त्याला पाहायला येते ती आशाताई. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती घरी जाऊन वजन घेते, काखेत थर्मामीटर लावते, श्वास मोजते. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये.

श्वास मोजणं सोपं वाटतं, पण तसं नाही. बाळ शांत असावं, दूध पीत नसावं, पोट उघडं हवं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली की फसगत होते; तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही. ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तेवढाच आला तर लगेच दवाखाना. लहान गावात वर्षाला बाळंतपणंच मोजकी, त्यामुळे एकदा शिकलेलं हातात राहत नाही. दोष ताईंचा नाही, सरावाचा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे काम गावातल्याच बायकांना शिकवलं. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडच्या ताईही तितक्याच हुशार आहेत.

पावसाळ्यात रस्ते बंद होण्याआधी उजळणी वर्ग घ्यायचे ठरवले आहे. सरावाच्या बाहुल्या, वजनकाटे, सेकंदकाट्याची घड्याळं हवी आहेत. ताईंचा एसटीचा खर्च, दोन वेळचं जेवण आणि बुडालेली मजुरी मंडळ देणार आहे. मजुरी बुडवून शिकायला या, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. निवृत्त सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञांनी दोन दिवस द्यावेत. कोरकू बोलणारं कुणी असेल तर फारच बरं, कारण बाळाच्या आजीला समजावायचं असतं ते कोरकूतच.

काही ताईंना पुढे एएनएम (सरकारी उपकेंद्रातली नर्स) व्हायचंय, पण बारावी राहिली आहे. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीच्या त्यांच्या १७ नंबर फॉर्मची फी आणि पुस्तकं कुणी उचलली तर आनंद होईल.

देणगी रोख किंवा धनादेशाने मंडळाच्या कार्यालयात द्यावी, पावती जरूर घ्यावी. हिशेब फलकावर लावला जाईल. औषधं आणि जुने कपडे मात्र कृपया पाठवू नयेत.

आपले,
कार्यकारी मंडळ, धारणी (जि. अमरावती)