बाबा, तुम्ही सांगता तसंच लिहा

ती. आई आणि बाबांना सा. न.

बाबा, वहीच्या पानांचे सगळे फोटो मिळाले, काल रात्री पोरं झोपल्यावर एका बैठकीत वाचून काढले. फोनवरच बोलले असते पण फोनवर आई मध्येच पाणी आलं का, भाजी काय केली यावर जाते आणि तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून टाईप करून पाठवतेय. आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी आईला सांगते. आई, तू म्हणतेस रिटायर झाल्यावर माणसानं देवाधर्माचं बघावं, हे काय रात्री लाईट लावून वही घेऊन बसतात. बसू दे गं त्यांना. आटपाडी, दिघंची, खरसुंडी, झरे, त्या सगळ्या भागात आयुष्यभर कंडक्टरकी केलेल्या माणसानं किती माणसं बघितली असतील. ती सगळी त्यांच्या डोक्यात नावागावासकट आहेत आणि आपण आत्तापर्यंत फक्त जेवताना ऐकत आलो, कागदावर एक ओळ नव्हती. मला तर वाटतं हे आधीच सुरू व्हायला पाहिजे होतं.

आता बाबा तुमच्याकडे. अंड्यांच्या म्हातारीची गोष्ट वाचली. ती तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगताय, मला पाठ आहे. मुक्कामी गाडी, पाय ठेवायला जागा नाही, म्हातारीनं डब्यात ज्वारी भरून त्यात अंडी पुरलेली, बाळंतीण लेकीला न्यायची म्हणून, आणि पदराची गाठ इतकी आवळलेली की ती दातानं सोडवतेय आणि तुम्ही तिकिटांचा ट्रे घेऊन तिच्यापुढं उभे, मागनं लोक ओरडतायत. मग पैसे मोजले तर रुपया कमी. तुम्ही खिशातला घातलात, तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल जुळवलंत, आणि पुढच्या बाजारी ती स्टँडवर तुम्हाला शोधत आली, रुपया हातावर ठेवला आणि काही न बोलता गेली. हे तुम्ही सांगता तेव्हा आईसुद्धा हातातलं काम थांबवते.

आणि वहीत काय आहे? रवीराजाने आपली सोनेरी किरणे पसरली होती, दारिद्र्याच्या गर्तेत सापडलेली ती वृद्धा वगैरे. पदराची गाठ नाही. ज्वारी नाही. रुपया तर तुम्ही काढूनच टाकलाय, बहुतेक स्वतःचा मोठेपणा दिसेल म्हणून. बाबा, ती गोष्ट रुपयाचीच आहे. म्हातारी परत आली, तिला ते देणं ठेवायचं नव्हतं, हे त्या रुपयाशिवाय कसं कळणार?

म्हणून मला तुम्हाला व्यंकटेश माडगूळकरांबद्दल सांगायचंय. आई, आपले गदिमा, त्यांचे धाकटे भाऊ. हे तुमच्या रूटवरचेच, माडगूळ्याचे, जन्म १९२७ चा, तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. ४२ च्या चळवळीत पोरवयात उडी घेतली, शाळा सुटली ती सुटलीच, कॉलेज काही झालं नाही. खरं तर त्यांना चित्रकार व्हायचं होतं, आणि माझं मत असं की त्यांचं सगळं लिहिणं तिथून आलंय. चित्र काढणारा माणूस आधी बघतो, नाक कसंय, पागोटं कसं बांधलंय, म्हातारा बसताना हात कुठं टेकतो. त्यांनी लिहितानाही तेच केलं. पुढे आयुष्यभर स्केचेस काढत राहिले, स्वतःच्या पुस्तकांतसुद्धा त्यांची चित्रं आहेत.

'माणदेशी माणसं' १९४९ ला आलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यात धर्मा रामोशी आहे. म्हातारा, अंगावर चिंध्या, त्याला नेसायला धोतर देतात, आणि नंतर कळतं की ते त्यानं नेसलंच नाही, लेकीला दिलं, तिच्याजवळ अंग झाकायला धड लुगडं नव्हतं म्हणून. बाबा, गरिबी किती वाईट यावर तिथं भाषण नाही. धोतर आहे, बाकी सगळं आपल्याला आपोआप कळतं. तुमचा रुपया म्हणजे हे धोतर आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

'बनगरवाडी' पण तशीच. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, माणसं आधी विचारत नाहीत, मग हळूहळू आपला म्हणतात, सगळे मिळून तालीम बांधतात आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस पडते, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर निघतात. माडगूळकर स्वतः पोरवयात तिकडं मास्तर होते, लेंगरेवाडी म्हणतात ती हीच. तुमची गाडी जायची त्या बाजूला! तुम्ही म्हणता आपल्याकडं लिहिण्यासारखं काय घडलंय, आणि त्याच माळरानावरच्या मूठभर घरांची कादंबरी परदेशातसुद्धा वाचली गेली.

आणि नोकरी त्यांनाही होती. १९५५ पासून पुणे आकाशवाणीत, गावाकडच्या लोकांसाठीचे कार्यक्रम करायचे, तेही बरीच वर्षं. (त्याच वर्षी एक एप्रिलला त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, आई, म्हणजे एक भाऊ तिथं घराघरात पोचत होता आणि दुसरा माणदेशातली माणसं लिहीत होता, मला हे आठवलं की शिवाजीनगरच्या त्या इमारतीवरून जाताना फार भरून येतं.) म्हणजे लेखक म्हणून वेगळं काही आयुष्य लागतं असं नाही. नोकरी करायची, माणसांचं बोलणं ऐकायचं आणि विसरायचं नाही. ते तर तुम्ही केलंच आहे.

मला त्यांचं अजून एक आवडतं. शिकारीचा नाद होता, पण पुढे बंदुकीपेक्षा बघण्यातच जीव जास्त रमला, जंगलात जाऊन दिवसच्या दिवस नुसतं बघत बसायचे, नागझिऱ्यालाही मुक्काम ठोकून राहिले. वानरांच्या टोळ्या एकमेकांवर कशा चालून जातात, राज्य कसं बदलतं यावर 'सत्तांतर' लिहिली, तिला १९८३ चा साहित्य अकादमी मिळाला, आणि त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. वानरांबद्दल लिहितानासुद्धा त्यांनी जे दिसलं त्याचाच आधार घेतला, उगाच फुलं लावली नाहीत.

तर बाबा, म्हातारीची गोष्ट परत लिहा. रवीराजा काढा, वृद्धा काढा, म्हातारी म्हणा, तुम्ही तिला म्हातारे अशीच हाक मारली होती ना. बोलणं आपल्या बोलीतच राहू द्या, ती 'भाडं किती वो बाळा' म्हणाली तर तेच लिहा. वाक्यं छोटी ठेवा. आणि रुपया परत आणा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

आणि आई, तुला एक काम. प्रत्येक पान झालं की ते तुला वाचून दाखवतील आणि जिथं तुला वाटेल की हे असं कधी बोलत नाहीत तिथं लगेच टोकायचं, भीड धरायची नाही. तुझ्याइतकं त्यांचं बोलणं कुणी ऐकलेलं नाही त्यामुळं हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आणि तुझं पण एक आहे, मळ्यातल्या विहिरीवरच्या भांडणाचं, ते तू बोल आणि बाबांनी जसंच्या तसं उतरून घ्यायचं, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही.

कॉटवर वाकून लिहू नका, मान दुखते. माळ्यावरचं माझं दहावीचं टेबल काढून खिडकीशी लावून घ्या, शेजारच्या पोराला हाताशी घ्या, स्वतः शिडीवर चढायचं नाही. दोन शंभरपानी वह्या आणि 'माणदेशी माणसं' पार्सलनं पाठवतेय. पुढच्या वेळी फोटो दिवसा उजेडात काढा, शेवटची पानं अंधुक आलीत, ड्रायव्हर काकांचं काय झालं ते वाचायचं राहिलंय.

बी.पी.ची गोळी चुकवू नका दोघंही.

तुमची,
ताई