सैनिकांची पत्रं रद्दीत जाऊ देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अलेक्झांडर डेकोटो हा कॅनडाचा सैनिक ३० ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये, पॅशनडेलच्या लढाईत लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने गेला. तिशीही गाठली नव्हती. क्री या आदिवासी समाजातला हा तरुण एडमंटनमध्ये पोलीस होता, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर धावला होता. आज त्याच्या नावाची बाग त्या शहरात आहे. मला मात्र तो जवळचा वाटला तो बहिणीला लिहिलेल्या पत्रामुळे. घरच्यांची फार आठवण येते, एकटं वाटतं, असं तो लिहितो. काही महिने लढल्यावर पोरं दैवावर हवाला ठेवू लागतात, वेळ भरली असेल तर टळत नाही म्हणतात, हेही तिला सांगतो.

माझे सासरे मराठा पलटणीतून १९४३-४४ साली इटलीत लढले. आपल्या आठव्या डिव्हिजनच्या शेजारीच तेव्हा कॅनडाची फौज होती. सासऱ्यांची पत्रं आमच्याकडे आहेत. पेन्सिलीने लिहिलेली, घडीवर विरलेली, सेन्सॉरचा शिक्का मारलेली. विहिरीला पाणी किती, मनिऑर्डर पोचली का, धाकटीचं कुठे जमलं का? लढाईबद्दल अवाक्षर नाही. सासूबाईंना वाचता येत नसे. पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवी. त्यामुळे नवऱ्याने बायकोला म्हणून जे लिहायचं, ते त्यात कधी आलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंड विद्यापीठाच्या इतिहास विभागाने २००० पासून घरोघरची अशी पत्रं जमवली. प्रती करून घ्यायच्या, मूळ कागद घरच्यांना परत द्यायचे आणि प्रती इंटरनेटवर सर्वांना खुल्या करायच्या, अशी पद्धत. आपल्या सातारा जिल्ह्यात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं, पण त्या जवानांचं लिहिलेलं काय उरलंय? आमच्या नात्यातल्याच एका घरी रंगकाम निघालं तेव्हा पत्रांची ट्रंक तशीच भंगारवाल्याला गेली.

जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने हे काम हाती घ्यावं. मोबाइलवर फोटो काढले, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवलं, तरी सुरुवात होईल. आमच्या घरची पत्रं मी पहिल्याच दिवशी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा